दुसऱ्याचा पैसा

लास व्हेगासला कॅसिनोत पहिल्याच टेबलावर मी शंभर डॉलरची नोट पत्ते वाटणाऱ्या डीलरबाईंच्या हातात द्यायला गेले, तर त्यांनी हात मागे घेतला आणि बोटाने खूण केली, खाली ठेवा. मी नोट हिरव्या कापडावर ठेवली. मग त्यांनी ती उचलली, घडी मोडून दोन्ही हातांनी सरळ केली, वरच्या कॅमेऱ्याला दिसेल अशी आडवी मांडली, मागे उभ्या असलेल्या साहेबाला ऐकू जाईल इतक्या आवाजात "चेंजिंग हंड्रेड" म्हणाल्या आणि पाच डॉलरवाल्या लाल चकत्यांच्या, म्हणजे चिपांच्या, चार चवडी लावल्या. प्रत्येक चवडीत पाच. त्यातली एक बोटांनी पसरून दाखवली, पुन्हा जुळवली आणि सगळं माझ्याकडे सरकवलं. नोट टेबलातल्या फटीत एका पट्टीने ढकलून दिली. पुन्हा तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

मी खेळायचं सोडून त्यांचे हातच बघत बसले होते. नवरा मागून म्हणाला, "अगं, चिप ठेव की. थांबल्यात त्या."

तेहतीस वर्षं मी हेच केलंय. वडोदऱ्याला, रावपुऱ्यातल्या एका राष्ट्रीयीकृत बँकेच्या शाखेत, कॅशच्या खिडकीत. नोटा गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर मोजायच्या, स्लिपच्या मागे शंभराच्या किती, पन्नासच्या किती लिहिलंय त्याच्याशी ताडून बघायच्या, शिक्का, सही, पुढचा. सकाळी खिडकीत बसण्याआधी आपल्या पर्समध्ये किती पैसे आहेत ते एका वहीत लिहून ठेवायचं, म्हणजे संध्याकाळी कुणी बोट दाखवायला नको. एकदा मी 'तेवीस रुपये' लिहिलं, तर साहेबांनी काळजीने विचारलं, "डबा तरी आणलाय ना?"

नोकरीच्या पहिल्या महिन्यात शेजारच्या खिडकीतल्या जुन्या कॅशियरांनी मला एक गोष्ट शिकवली होती. नोटेकडे पैसा म्हणून बघायचंच नाही, गठ्ठा म्हणून बघायचं. पैसा जाणवायला लागला की हात चुकतो. मी ते इतकं चांगलं शिकले की पुढे कुणी लाख रुपये समोर ठेवले तरी मला फक्त दहा गड्ड्या दिसायच्या. हे शिक्षण सुट्टीत असं अंगाशी येईल हे तेव्हा कुणाला ठाऊक होतं!

---

पत्ते मला आत्याने शिकवले. दांडिया बाजारात आमचा वाडा होता. श्रावण लागला की आसपासच्या गुजराती घरांतून तीन पत्तीचे डाव रंगायचे, सातम-आठमला तर रात्रभर. सगळं पैसे लावून. पोलीस दरवर्षी धाडी घालायचे, दरवर्षी वर्तमानपत्रात बातमी यायची, आणि दरवर्षी पुन्हा तेच. अजूनही यात काही बदल नाही. आमच्याकडे श्रावण म्हणजे सोमवार, जिवती, मंगळागौर. पण खिडकीतून "चाल!", "शो!" असले आवाज आत यायचे आणि आम्हा पोरांचं पुरणावरून लक्ष उडायचं. आत्या शाळेत शिक्षिका. तिने त्यावर तोडगा काढला. डालड्याच्या डब्यात चिंचोके साठवले आणि प्रत्येकाला वीस-वीस मोजून दिले.

खेळ 'एकवीस'. एक्का एक किंवा अकरा, चित्रं दहा, बाकी पत्ते आपापल्या अंकाचे. एकवीसच्या जितकं जवळ तितकं बरं, वर गेलं की मेलात. बँक कायम आत्याच. पिसायची तीच, वाटायची तीच. मधल्या बोटाने पत्ता सरकवत विचारायची, "बस, की अजून?" खेळ संपला की चिंचोके परत डब्यात, मोजून. एक कमी भरला तर जाजम झटकायचं. ज्याच्याकडे साठ जमले त्यालाही रिकाम्या हाताने उठावं लागायचं. माझा धाकटा भाऊ यावरून एकदा भोकाड पसरून रडला होता, "मग जिंकलो कशाला?" आत्याकडे याला उत्तर नव्हतं. तिने त्याला लाडू दिला.

हेच एकवीस म्हणजे जगातलं ब्लॅकजॅक, हे मला कळायला पन्नाशी उजाडावी लागली.

---

काठमांडूला आम्ही गेलो होतो पशुपतिनाथासाठी, वडोदऱ्याच्या एका यात्रा मंडळीबरोबर, २०१० साली. हॉटेलच्याच आवारात कॅसिनो. काठमांडूत ही जुनी रीत आहे, मोठ्या हॉटेलांच्या पोटात कॅसिनो असतात. तिथला पहिला १९६८ सालचा. संध्याकाळी मंडळातल्या बायका वर भजनाला बसल्या आणि आम्ही दोघं 'जरा पाय मोकळे करून येतो' म्हणून खाली उतरलो. दारावर नेपाळी माणसालाच अडवत होते. तिथल्या नागरिकांना कॅसिनोत खेळायला बंदी, आम्हाला मात्र नमस्कार. पुढे गोव्यालाही तेच पाहिलं. २०२० पासून खुद्द गोवेकरांना कॅसिनोत प्रवेश नाही. ज्यांच्या अंगणात मांडव, त्यांनाच पंगतीला बसायची मनाई.

मग आत असतं कोण? आपणच. काठमांडूच्या त्या दालनात कानावर जितकी गुजराती पडली तितकी मला अलीकडे मंगळबाजारातही ऐकू येत नाही. चिपा भारतीय रुपयांच्या हिशोबाने मिळत होत्या. आपला एक रुपया म्हणजे नेपाळचा १.६०, हा दर ठरलेलाच आहे, त्यामुळे हिशोबाची कटकट नव्हती. मी शेवटच्या खुर्चीवर बसले. ती रिकामी का होती हे नंतर कळलं.

माझ्याकडे तेरा. डीलरचा उघडा पत्ता छक्की. आत्याकडे खेळताना तेराला आम्ही नेहमी अजून एक मागायचो, म्हणून मी टेबलावर बोट टेकवलं. दश्शी आली, मी मेले. मग डीलरने आपला झाकलेला पत्ता उघडला, पुढचा घेतला, एकवीस केले आणि सगळं टेबल साफ. शेजारचे सुरती काका माझ्याकडे वळून ओरडले, "बेन, छग्गा सामे पत्तुं लेवाय?" छक्कीसमोर पत्ता घेतात होय! त्यांचं म्हणणं, माझी दश्शी डीलरला गेली असती तर तो मेला असता. पुढे अर्धा तास पाच अनोळखी माणसं माझ्याशी अबोला धरून बसली होती. लग्नात मानपान चुकला की होतं तसं.

शेवटच्या खुर्चीवरचा माणूस सगळ्यांचं वाटोळं करतो, ही जगभरातल्या ब्लॅकजॅकवाल्यांची श्रद्धा. नवऱ्याने खोलीवर गेल्यावर कागद घेऊन ती मोडून काढली. तो कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायचा. तुझा पत्ता जसा डीलरचं भलं करू शकतो तसाच वाईटही, लांबच्या हिशोबात फरक शून्य, असं त्याचं म्हणणं. "पण तेराला घेतलंस ते मात्र चूकच," हेही वर ऐकवलं. छक्की उघडी असेल तर डीलर शंभरातून बेचाळीसेक वेळा मरतो. त्याला सोळापर्यंत पत्ता घ्यावाच लागतो आणि सतराला थांबावंच लागतं. त्याला मन नाही. आपण गप्प बसायचं आणि त्याला त्याच्या नियमाने मरू द्यायचं.

एरवी नवऱ्याचं व्याख्यान मी अर्ध्यात सोडते, पण हे ऐकलं. कुठल्या पत्त्यासमोर कुठल्या बेरजेला काय करावं याचा पूर्ण तक्ता पहिल्यांदा छापला १९५६ साली चार जणांनी. अमेरिकेच्या सैन्यात असताना त्यांनी आकडेमोड केली ती टेबलावरच्या साध्या गणकयंत्रांवर. मग एडवर्ड थॉर्प नावाच्या गणिताच्या प्राध्यापकाने आयबीएमच्या संगणकावर ती ताणून पुढे नेली. कुठले पत्ते निघून गेले हे लक्षात ठेवलं तर खेळाडूचं पारडं जड होऊ शकतं, हे त्याने १९६२ च्या पुस्तकात दाखवून दिलं. कॅसिनोवाले त्यानंतर एकाऐवजी सहा-सहा, आठ-आठ जोड एकत्र पिसायला लागले. पण नुसता तक्ता पाळला आणि नियम बरे असले तर हरणं शंभरामागे अर्ध्या रुपयावर येतं. एवढी स्वस्त करमणूक कॅसिनोत फार थोडी. आणि पहिल्या दोन पत्त्यांत एक्का आणि दहा, म्हणजे अस्सल ब्लॅकजॅक, साधारण एकवीस डावांत एकदा येतो. हे ऐकून मी टाळी वाजवली. नवऱ्याला यात काय गंमत ते समजलं नाही.

तक्ता मी पाठ केला. बावन्नकशी केला. सोळा आणि समोर दहा, हा त्यातला सगळ्यात रडका डाव. घेतलं तर तेरापैकी आठ पत्ते आपल्याला मारतात, नाही घेतलं तर डीलर मारतो. तक्ता म्हणतो, घ्या. घेणं किंचित कमी वाईट. बँकेत कर्जवसुलीला बदली झाल्यावर मला असे सोळा रोज भेटायचे.

---

आता गोवा. इथे मला थोडं हळू लिहावं लागेल.

मांडवी म्हणजे आम्हा वडोदरेकरांना गावाच्या मध्यावरची चार वेशींची मांडवी. मांडवी या शब्दाचा जुना अर्थ जकातीचं ठाणं. पणजीला त्याच नावाची नदी, आणि तिच्यावर रोषणाई केलेल्या बोटी नांगर टाकून उभ्या. माणसांनी पत्ते वाटायची टेबलं कायद्याने बोटींवर, जमिनीवरच्या पंचतारांकित हॉटेलांत यंत्रं. यंत्रांना १९९२ मध्ये वाट मिळाली, बोटींना १९९६ मध्ये. मी जेट्टीवरून छोट्या होडीने मोठ्या बोटीवर जाताना नवऱ्याला म्हटलं, "बघा, इथेही मांडवीवर जकातच." तो हसला. तेव्हा आम्ही दोघंही हसत होतो.

ठरवलं होतं पाच हजार. वेगळ्या पाकिटात ठेवले होते. ते दीड तासात गेले, आणि तक्ता पाळून गेले, त्यामुळे माझी चूक कुठेच नव्हती. हेच घातक. चूक असती तर उठले असते. मी पर्समधून आणखी चार काढले. नवरा वर जेवायला गेला होता. मग एटीएम कार्डाने पाच. चिपांच्या रंगीत चवड्या समोर, हात आपोआप चालतोय, पाच-पाचची चवड, एक सरकवली, एक परत आली, दोन गेल्या. मला काही जाणवत नव्हतं. मनाला बोचणं, पोटात गोळा, काही नाही. इतकी शांत मी बँकेतून निवृत्त झाल्यावर पहिल्यांदाच होते. चौदा हजार गेले.

रात्री दीडला किनाऱ्यावर आलो. हॉटेलपर्यंत टॅक्सीवाला सहाशे म्हणाला. मी म्हटलं, साडेपाचशे. तो नाही म्हणाला. मी भांडले. अहो, भर रात्री, नवरा हात ओढतोय, आणि मी पन्नास रुपयांसाठी हातवारे करून कोकणी-मराठी-हिंदीत भांडतेय, की येताना पाचशेच दिले होते. टॅक्सीवाल्याने शेवटी साडेपाचशे कबूल केले. गाडीत बसल्यावर मी पाकीट उघडलं तेव्हा नोटा दिसल्या. चिपा नव्हे, नोटा. त्या किती कमी आहेत ते दिसलं, आणि मग तो गोळा आला.

१९९१ साली माझ्या खिडकीत एकदा पाचशे रुपये कमी भरले होते. कमी भरले की कॅशियरने पदरचे घालायचे. पगार त्या मानाने किती होता ते सांगत नाही, पण मी तीन रात्री झोपले नाही. भिंतीकडे बघत दिवसभरातलं प्रत्येक गिऱ्हाईक आठवत होते. पाचशेने झोप उडवली होती, आणि त्या रात्री चौदा हजार हरून, टॅक्सीवाल्याशी भांडून, मी पहाटेपर्यंत गाढ झोपले. सकाळी नवरा काही बोलला नाही. ब्रेडला लोणी लावत राहिला. बोलला असता तर बरं झालं असतं.

चिप कशासाठी असते ते मला गोव्यात उमगलं. मला तेहतीस वर्षं लागलेलं शिक्षण ती कुणालाही पाच मिनिटांत देते. आपला पैसा दुसऱ्याचा करून टाकते. गड्डी दिसते, पैसा दिसत नाही. फरक इतकाच की बँकेत संध्याकाळी हिशोब जुळवायला लागायचा. इथे तो माझ्याऐवजी दुसराच कुणीतरी जुळवत होता, आणि त्याचा रोज जुळत होता.

पुण्याची नणंद फोनवर म्हणाली, "तुम्ही गुजरातेतले, तुमच्या रक्तातच." मी तिला सांगितलं, जुगारबंदीचा १८८७ चा कायदा दोन्हीकडे एकच, मुंबई इलाख्याचा. आणि महाराष्ट्राने तर १९७६ मध्ये कॅसिनोला परवानगी देणारा कायदा केला, तो कधी लागूच केला नाही आणि २०२३ मध्ये रद्द करून टाकला. सत्तेचाळीस वर्षं हातात पत्ता धरून बसायचं आणि मग तसाच खाली ठेवायचा! तिला हे आवडलं नाही.

---

तर, व्हेगास. मुलगा फिनिक्सला असतो, तिथून गाडीने पाचेक तास वाळवंटातून. हॉटेलांचं वर्णन सगळ्यांनी केलेलंच असतं, मी करत नाही. एवढंच सांगते की खोलीत जायला कॅसिनोतून जावं लागतं, नाश्त्याला कॅसिनोतून, पोहायच्या तलावावर कॅसिनोतून, आणि दालनात घड्याळ नाही. सासूबाईंच्या माजघरासारखं. कुठेही जा, त्यांच्यासमोरून.

या वेळी पाकिटात दोनशे डॉलर आणि कार्ड नवऱ्याकडे. तो खेळत नाही. मागे उभा राहतो आणि मनात बेरजा करतो. पहिल्या टेबलावर, ज्या डीलरबाईंचे हात बघत मी बसले होते तिथेच, कापडावर ठळक छापलेलं मी वाचलंच नव्हतं. ब्लॅकजॅकला सहास पाच, म्हणजे पाच लावले तर सहा मिळणार. चार-पाच डावांनी मला एक्का-राजा आला. पंधरा डॉलर लावले होते, बाईंनी अठरा दिले. मी म्हटलं, साडेबावीस हवेत. त्यांनी हसून कापडावरच्या अक्षरांवर बोट ठेवलं. पूर्वापार चालत आलेला दर तिनास दोन, दोन लावले तर तीन. तो गपचूप सहास पाच करून टाकलाय. ऐकायला सहा मोठा वाटतो. पंधरा डॉलरमागे साडेचार डॉलर कमी! नवऱ्याचा हिशोब तयार होता. तासाला सत्तर डाव धरले तर बऱ्या नियमांनी तासाला पाच डॉलर जातात, या टेबलावर वीस. मला वीसचं काही वाटलं नाही. पण माझ्या खिडकीत साडेचार कमी भरलेत, ही भावना मानगुटीवर बसली. किती वर्षांनी पैसा जाणवला!

तरी मी उठले नाही. बाईंसाठी बसले. छातीवरच्या पट्टीवर नावाखाली गाव लिहिलेलं होतं, मनिला. वय माझ्याच आसपास. पत्ते काढून देताना मधलं बोट आत्यासारखंच. दुपारची वेळ, टेबलावर मी एकटी. मी मोडक्या इंग्रजीत सांगितलं की मीही कॅशियर होते. त्यांचा चेहरा उजळला. चूक झाली तर कापतात का, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, सगळे. त्यांनी जीभ चावली. मग मी विचारलं, तुम्ही खेळता का? मला वाटलं होतं, नाही म्हणतील, दिवसभर हेच बघून वीट आला असेल. त्या म्हणाल्या, "हो, ड्यूटी संपली की. घराजवळच्या किराणा दुकानात मशिनं आहेत ना." नेवाडात ती खरंच किराणा दुकानातही असतात. दूध घ्यायला जाते आणि वीस डॉलर घालते, म्हणाल्या, आणि वर खांदे उडवून हसल्या. टेबलावर कधीच बसत नाही, टेबलावर माणसं बघतात.

दुसरी डीलर येऊन मागे उभी राहिली. बाईंनी टाळी वाजवल्यासारखे दोन्ही तळवे एकमेकांवर घासले, उताणे केले, पालथे केले, कॅमेऱ्याला दाखवले. काही लपवलेलं नाही. आणि गेल्या. मी एक लाल चिप त्यांच्यासाठी ठेवली होती, ती द्यायची राहून गेली. बक्षिसी सगळ्यांत वाटली जाते, असं नवीन बाई म्हणाल्या आणि ती त्यांनी घेतली.

दोनशेतले एकशे पंच्याऐंशी घेऊन उठले. नवऱ्याच्या हिशोबापेक्षा बरं.

---

या श्रावणात सातमला आमच्या मांजलपूरच्या सोसायटीत वरच्या मजल्यावरच्या बेन बोलवायला आल्या. त्यांच्याकडे शीतळा सातम, चूल बंद, आदल्या दिवशीचे थेपले, दही. बाहेर धो धो. हॉलमध्ये चादर अंथरून आठ जण तीन पत्तीला बसलेले. मी म्हटलं, पैशाने मी खेळत नाही आता. मग त्या म्हणाल्या, तुमचं ते अमेरिकेतलं शिकवा. मी खाली जाऊन आत्याचा डबा आणला. डालडाची अक्षरं पुसून गेलीत, चिंचोके मात्र तसेच, वर्षानुवर्षं हाताळून तुळतुळीत. वीस-वीस वाटले, छक्कीसमोर तेराला थांबायचं शिकवलं, बँक झाले.

वीस मिनिटं बरी गेली. मग वरचे काका भलत्याच बेरजेला पत्ते मागायला लागले, एकोणीसला, विसाला. मेले की हसायचे आणि चिंचोके ढकलून द्यायचे. कुणी फोन बघू लागलं. पलीकडच्या बेन थेपला आणायला उठल्या. शेवटी काका अगदी नरमाईने म्हणाले, "बेन, खोटुं ना लगाडता, पण आमां कंई जामतुं नथी." राग मानू नका, पण यात रंग भरत नाही.

मी गप्प बसले. त्यांचं खरं होतं. माझ्या भावाने रडून हेच विचारलं होतं.

काकांनी सदऱ्याच्या खिशातून दहाची नोट काढली आणि माझ्यापुढे केली. मी हात मागे घेतला आणि बोटाने खूण केली, खाली ठेवा. त्यांनी गोंधळून ती चादरीवर ठेवली. मी उचलली, घडी मोडली, दोन्ही हातांनी सरळ केली, ट्यूबलाइटसमोर धरून पाहिली आणि चादरीवर आडवी मांडली.

"चेंजिंग टेन," मी म्हणाले, आणि पाच-पाचच्या दोन चवडी मोजून त्यांच्याकडे सरकवल्या.